आळशी डोळ्यासाठी चष्मा: पहिल्या तपासणीपासून पुढे काय काय करायचं

लेक तेव्हा साडेचार वर्षांची होती. तपासणीच्या खुर्चीत बसून उजव्या डोळ्याने ती तक्त्यावरची बारीकातली बारीक चित्रं पटापट ओळखत होती. मग तो डोळा झाकला आणि ती गप्पच झाली. सगळ्यात वरचं मोठं घर आणि सफरचंद एवढंच तिला दिसत होतं, खालच्या ओळी तिच्यासाठी कोऱ्या होत्या. इतकी वर्षं ती एकाच डोळ्याच्या भरवशावर धावत होती, चित्रं रंगवत होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता. तिलाही नव्हता. आपल्याला जसं दिसतं तसंच सगळ्यांना दिसतं असं मूल धरून चालतं, त्यामुळे ते तक्रार करत नाही.

चष्मा तयार होऊन आला, डोळ्यावर चढला, तरी त्या दिवशी डाव्या डोळ्याला फारसं जास्त दिसलं नाही. मग चष्मा कशाला, असं मला वाटलं. पुढे हाच प्रश्न मी कितीतरी आईबाबांकडून ऐकला. काहींनी याच शंकेपायी चष्मा कपाटात ठेवून दिला आणि मोलाचे महिने गेले. म्हणून आधी त्याचं उत्तर.

चष्मा लावूनही दिसत नाही, असं का?

आळशी डोळा हे नाव फसवं आहे. बहुतेक वेळा डोळ्याची घडण ठीकठाक असते, कमी पडलेला असतो तो मेंदूचा सराव. चालणं-बोलणं जसं मूल शिकतं तसंच बघणंही शिकतं, आणि हे शिकणं पहिल्या सात-आठ वर्षांत सगळ्यात जोरात चालतं. त्या काळात एका डोळ्याकडून सतत धूसर चित्र येत राहिलं, तर मेंदू स्पष्ट चित्र देणाऱ्या दुसऱ्या डोळ्याचं ऐकतो आणि धूसर डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग करून हे दाखवलं. पिल्लाच्या एका डोळ्याची पापणी लहानपणी काही काळ बंद ठेवली. नंतर उघडली तेव्हा डोळा चांगला होता, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला दादच देत नव्हत्या. दृष्टीवरच्या कामासाठी १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आता नंबराचा संबंध बघा. समजा उजव्या डोळ्याचा नंबर +१ आहे आणि डाव्याचा +४. प्लस नंबरचा डोळा स्पष्ट बघण्यासाठी आतलं भिंग फुगवून जोर लावतो. पण दोन्ही डोळ्यांचा हा जोर एकाच वेळी आणि सारखाच लागतो, वेगवेगळा लावता येत नाही. मेंदू सोपा मार्ग धरतो. उजव्याला पुरेल एवढाच जोर लावतो, आणि डावा डोळा जवळचं बघताना, लांबचं बघताना, कायमच ३ नंबरने मागे राहतो. त्याला स्पष्ट चित्र कधी मिळतच नाही. उलट एक डोळा −३ असेल तर त्याला निदान फूटभर अंतरावरचं तरी नीट दिसतं आणि थोडाफार सराव होत राहतो. म्हणून प्लस नंबरमधला फरक लहान दिसला तरी जास्त नुकसान करतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. डोळा तिरळा नसतो, मूल अडखळत नाही.

दोन डोळ्यांच्या नंबरात फरक हे एक कारण. तिरळेपणा हे दुसरं, आणि कित्येकदा दोन्ही एकत्र असतात. दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर असून वेळेवर चष्मा लागला नाही, तर दोन्ही डोळे आळशी राहू शकतात. जन्मजात मोतीबिंदू किंवा बाहुलीवर उतरलेली पापणी ही कारणं कमी आढळतात, पण ती सगळ्यात गंभीर. सगळी कारणं धरली तर १०० मुलांत साधारण २ ते ४ जणांना हा त्रास असतो.

चष्मा लागला की त्या डोळ्याच्या पडद्यावर पहिल्यांदा स्पष्ट चित्र पडतं. मेंदूला ते वाचायला शिकायचं असतं आणि शिकायला आठवडे, महिने लागतात. पहिल्या दिवशी फरक दिसला नाही याचा अर्थ एवढाच की शिकवणी आजच सुरू झाली आहे.

पायरी १: नंबर थेंब घालूनच काढून घ्या

लहान मुलांच्या डोळ्याचा आतला स्नायू फार ताकदीचा असतो. तपासताना मूल नकळत जोर लावतं आणि प्लस नंबर लपून राहतो. यंत्रासमोर बसवून मिनिटात नंबर काढला आणि चष्मा करायला टाकला, असं या मुलांच्या बाबतीत चालत नाही. तो स्नायू औषधाने काही काळ सैल करावाच लागतो. सायक्लोपेंटोलेटचे थेंब दवाखान्यातच घालतात, त्यांचा परिणाम साधारण एक दिवस राहतो. ॲट्रोपिन दिलं तर ते बहुधा घरीच काही दिवस आधीपासून घालायचं असतं, आणि बाहुली पूर्ववत व्हायला एक ते दोन आठवडे लागू शकतात. तेवढ्या काळात उजेड खुपतो, जवळचं धूसर दिसतं. चित्रं रंगवण्याचा हट्ट त्या दिवसांत करू नका, बाहेर जाताना टोपी घाला.

ॲट्रोपिन जपून वापरा. थेंब घातल्यावर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने मिनिट-दोन मिनिटं हलका दाब द्या, म्हणजे औषध नाकावाटे शरीरात कमी जातं. चेहरा लालबुंद झाला, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं किंवा मूल विचित्र बडबडायला लागलं, तर पुढचा डोस न देता लगेच डॉक्टरांशी बोला. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, कारण पोटात गेलं तर ते विष आहे.

बाहुली मोठी झाली की डॉक्टर डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवून आणि समोर काचा धरून नंबर ठरवतात. मुलाला एक अक्षरही बोलावं लागत नाही, त्यामुळे काही महिन्यांच्या बाळाचाही नंबर काढता येतो. याच भेटीत डोळ्याचा मागचा पडदा तपासला ना, हे जरूर विचारा. नजर कमी असण्याचं दुसरं कारण नाही, याची खात्री झाल्यावरच आळशी डोळा असं म्हणायचं असतं.

एका बाबतीत मात्र भेटीच्या तारखेची वाट बघू नका. बाहुलीत पांढरी झाक दिसली (बरेचदा ती फोटोत आधी दिसते), चांगला असलेला डोळा अचानक तिरळा झाला किंवा पापणी बाहुली झाकू लागली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा.

पायरी २: नंबर वेगळा, नजर वेगळी

कागदावर दोन प्रकारचे आकडे असतात आणि घरोघरी त्यांचीच गल्लत होते. +४, −२, सिलिंडर १.५, अक्ष ९० असे आकडे म्हणजे नंबर, काच कशी हवी ते सांगणारे. ६/६, ६/१२, ६/३६ हे आकडे म्हणजे नजर. ६/३६ म्हणजे जे अक्षर नेहमीच्या चांगल्या नजरेला ३६ मीटरवरून ओळखू येतं, ते या डोळ्याला ६ मीटरवर यावं तेव्हा ओळखू येतं.

उपचाराने सुधारायची असते ती नजर, तीसुद्धा चष्मा लावून मोजलेली. नंबर कमी होईल या आशेवर बसू नका. तो डोळ्याच्या वाढीप्रमाणे बदलतो. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, नंबर तोच आहे, तर हिरमुसून जाऊ नका, विचारा की नजर कितीवर आली. ६/३६ वरून ६/१८ झाली असेल तर तो डोळा तक्त्यावर दोन ओळी खाली उतरला आहे. प्रत्येक भेटीनंतर तारीख, दोन्ही डोळ्यांची चष्म्यासकट नजर आणि नंबर एका वहीत लिहून ठेवा. डॉक्टर बदलावे लागले तर ही वहीच सगळ्यात कामी येते.

पायरी ३: फ्रेम आणि काचा

मुलाने चष्मा टिकवला नाही, तर बरेचदा दोष फ्रेमचाच निघतो. लहान मुलांचं नाक बसकं असतं, त्यामुळे मोठ्यांच्या फ्रेमची छोटी आवृत्ती घसरत खाली येते आणि मूल काचेच्या वरून बघत राहतं. चष्मा चेहऱ्यावर आहे, पण डोळा काचेतून बघत नाही. दुकानात मुलाला खाली वाकायला, मान हलवायला, वर बघायला सांगा. बाहुली काचेच्या मधोमध यायला हवी, फ्रेमची वरची कड भुवईच्या आसपास, काड्या कानामागे नीट वळलेल्या, नाकावर लाल वळ नकोत. अगदी लहान बाळांसाठी मऊ, बिजागरी नसलेल्या आणि डोक्यामागून पट्टा असलेल्या फ्रेम मिळतात.

काच पॉलिकार्बोनेटची किंवा ट्रायव्हेक्सची घ्या. या सहजी फुटत नाहीत. ज्या मुलाचा सगळा भार एका चांगल्या डोळ्यावर आहे, त्याच्या त्या डोळ्याला इजा होणं परवडणारं नाही, म्हणून चांगल्या डोळ्याचा नंबर शून्य असला तरी तिथली काचही हीच हवी. निळा प्रकाश अडवणारे लेप, उन्हात काळ्या होणाऱ्या काचा यांचा या उपचाराशी काही संबंध नाही. ते पैसे दुसऱ्या जोडीसाठी ठेवा, कारण चष्मा मोडला की नवा येईपर्यंतचे आठ दिवस फुकट जातात.

चष्मा ताब्यात घेताना काचांचा नंबर यंत्रावर तपासून दाखवायला सांगा आणि कागदाशी ताडून बघा. डावी-उजवी काच उलट बसल्याचा प्रकार आमच्याच बाबतीत घडला आणि तीन आठवड्यांनी लक्षात आला. ते तीन आठवडे आजही माझ्या मनातून जात नाहीत.

पायरी ४: उठल्यापासून झोपेपर्यंत

खरी कसोटी इथे लागते. औषधाचा डोस मोजतात तसे चष्म्याचे तास मोजायचे, आणि डोस एकच: जागेपणीचा सगळा वेळ. फक्त शाळेत, फक्त टीव्ही बघताना, फक्त अभ्यासापुरता असं नाही. अंघोळ, झोप आणि पोहणं सोडून चष्मा डोळ्यावर. त्याच्याशिवाय गेलेला प्रत्येक तास मेंदू पुन्हा जुन्या सवयीने चांगल्या डोळ्याकडे वळतो.

पहिल्या आठवड्यात मूल चष्मा काढून फेकेल. त्याच्या बाजूने विचार केला तर ते बरोबरच आहे, कारण चांगल्या डोळ्याने त्याला आधीही सगळं दिसत होतं. नाकावर ओझं आलं आणि फायदा काही जाणवला नाही. शिवाय मोठा प्लस नंबर असेल तर जोर लावायची सवय सुटेपर्यंत चष्म्यातून लांबचं थोडं धूसरही वाटतं. हे साधारण काही आठवड्यांत निवळतं. तसं न झालं तर डॉक्टरांना सांगा, ते नंबर थोडा कमी करून देतात किंवा काही दिवस थेंब देतात. स्वतःच्या मनाने चष्मा बंद ठेवू नका.

आम्हाला जे लागू पडलं ते सांगते. सकाळी डोळे उघडले की उशाशी ठेवलेला चष्मा आधी, मग बाकी सगळं. काढला तर न रागावता, न बोलता परत लावायचा, दिवसातून चाळीस वेळा लागला तरी. चष्मा लावल्याबरोबर तिच्या आवडीचं काहीतरी सुरू करायचं, गोष्टीचं पुस्तक, ठोकळे, बाहेर फेरी, म्हणजे हात गुंतलेले राहतात. तिच्या खेळण्यातल्या बाहुलीलाही चष्मा केला. चष्मा काढलास तर अमुक मिळणार नाही, अशी धमकी एकदाच देऊन बघितली आणि पस्तावले. चष्म्याची शिक्षा झाली की तो हातातून गेला. पंधराव्या-सोळाव्या दिवशी ती स्वतःच चष्मा शोधत आली.

फोटोसाठी चष्मा काढायला कधीही सांगू नका. त्या एका वाक्यातून मुलाला कळतं की चष्म्यात आपण बरे दिसत नाही. माझ्या आईला नातीच्या डोळ्यावर चष्मा बघवत नसे. एवढ्याशा पोरीला कशाला, मोठी झाली की बघू, असं ती म्हणायची आणि दुपारी झोपेनंतर हळूच काढून ठेवायची. तिच्याशी वाद घालण्यात काही राम नव्हता. एके दिवशी तिला तपासणीला सोबत नेलं आणि चांगला डोळा झाकल्यावर नात कशी चाचपडते ते तिने स्वतः पाहिलं. त्यानंतर चष्मा पुसून घालायचं काम आईनेच घेतलं. शाळेतल्या बाईंनाही असंच नीट समजावून सांगा. वर्गात चष्मा दप्तरात जाऊन बसला तर दिवसाचे पाच-सहा तास गेले.

तिरळेपणा असलेल्या मुलांच्या आईबाबांना एक गोष्ट हमखास घाबरवते. प्लस नंबरमुळे डोळा आत वळत असेल, तर चष्म्यात तो सरळ राहतो आणि चष्मा काढला की पूर्वीपेक्षा जास्त आत वळल्यासारखा दिसतो. चष्म्याने डोळा बिघडवला, असं वाटतं. तसं नसतं. चष्म्याखाली स्नायू सैल राहायला शिकला आहे, काढल्याबरोबर तो पुन्हा सगळा जोर लावतो आणि डोळा ओढला जातो. चष्मा घालून डोळा किती सरळ राहतो, हेच बघायचं.

पायरी ५: वाट बघणं

नुसत्या चष्म्याने किती होतं, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका गटाने २००६ साली ३ ते ७ वर्षं वयाच्या, नंबरातल्या फरकामुळे डोळा आळशी झालेल्या ८४ मुलांना सुरुवातीला फक्त चष्मा दिला, चांगला डोळा झाकायची पट्टी नाही. त्यांतल्या ७७ टक्के मुलांची नजर तक्त्यावर दोन किंवा जास्त ओळींनी सुधारली, आणि २७ टक्के मुलांचा आळशी डोळा पूर्णच बरा झाला. म्हणजे जवळपास चौथ्या हिश्शाच्या मुलांना पट्टीची वेळच आली नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी चष्मा लागल्यावर ही सुधारणा होऊ देण्यासाठी १८ आठवड्यांचा काळ धरला होता. दोन्ही डोळे आळशी असतील तर मुख्य उपचार चष्माच असतो, फक्त तिथे वर्षभर धीर धरावा लागतो.

तपासणी साधारण ६ ते ८ आठवड्यांनी असते. ती चुकवू नका, आणि दोन तपासण्यांच्या मधे घरी रोज परीक्षा घेऊ नका. मुलं तक्ता पाठ करतात, झाकलेल्या हाताच्या फटीतून बघतात, आणि तुम्हाला खोटा आनंद नाहीतर खोटी धास्ती मिळते.

डोळ्यांचे व्यायाम, गाजर, तूप, मोबाइलवरचे खेळ यांबद्दल सल्ले भरपूर येतील. गाजर खुशाल खाऊ द्या. त्यातलं काहीही चष्म्याची जागा घेत नाही.

पायरी ६: सुधारणा थांबली तर

लागोपाठ दोन तपासण्यांत नजर तिथेच राहिली, तर डॉक्टर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगतात किंवा त्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून तो काही काळ धूसर करतात. डोळा जास्त कमजोर असेल तर पट्टी बरीच लवकरही सुरू करतात. २०२४ साली लान्सेट या नियतकालिकात आलेल्या युरोपातल्या अभ्यासात, १८ आठवडे थांबण्यापेक्षा ३ आठवड्यांनी पट्टी सुरू केलेल्या गटात जास्त मुलांना यश आलं. कोणत्या मुलासाठी किती थांबायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पट्टीच्या दिवसांतही चष्मा असतोच. पट्टी थेट कातडीवर चिकटवायची आणि तिच्यावरून चष्मा. काचेवर लावली तर मूल बाजूने डोकावतं. मध्यम कमजोरी असलेल्या मुलांत रोज २ तासांची पट्टी ६ तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडल्याचं दिसून आलं आहे, त्यामुळे जास्त तास म्हणजे जास्त गुण असं धरून स्वतःहून वेळ वाढवू नका. अति झाकल्याने चांगल्या डोळ्याची नजरही उतरू शकते.

मूल मोठं झाल्यावर कळलं तर? सात वर्षांनंतर काही उपयोग नाही, असं अजूनही ठिकठिकाणी सांगितलं जातं. ते खरं नाही. ७ ते १२ वर्षांच्या मुलांच्या २००५ सालच्या अभ्यासात नुसत्या नव्या चष्म्याने २५ टक्के मुलांत चांगली सुधारणा झाली, आणि चष्म्याला पट्टी-थेंबांची जोड दिल्यावर ५३ टक्के मुलांत. लवकर सुरू करणं चांगलंच, पण दहा वर्षांच्या मुलाचं निदान आज झालं असेल तर उपचार आज सुरू करा.

पायरी ७: नजर आली, आता?

६/६ ऐकून घरात आनंद होतो आणि नेमका त्याच आठवड्यात चष्मा बाजूला पडतो. तो नंबर अजून तिथेच आहे. चष्मा काढला की पुन्हा धूसर चित्र, पुन्हा मेंदूचं दुर्लक्ष. उपचार थांबवल्यानंतर पहिल्या वर्षात साधारण चारांतल्या एका मुलाची नजर थोडीफार मागे जाते, म्हणून पट्टी हळूहळू कमी करतात, तपासण्या चालू ठेवतात आणि चष्मा तर राहतोच. मूल वाढतं तशी फ्रेम लहान पडते, काचांना चरे पडतात, नंबर बदलतो. वर्षातून निदान एकदा नवा नंबर काढून घ्या, लहान वयात सहा महिन्यांनी.

आणि घरात दुसरं मूल असेल तर त्यालाही घेऊन जा, कारण तिरळेपणा आणि मोठे नंबर घराण्यात चालत येतात. लेकीचं निदान झालं त्याच महिन्यात आम्ही तिच्या दीड वर्षाच्या भावाला नेलं. चित्रांची नावं त्याला सांगता येत नव्हती, आणि सांगायची गरजही पडली नाही. माझ्या मांडीवर बसून त्याने त्या हलत्या उजेडाकडे टक लावून बघितलं आणि त्याचे दोन आकडे कागदावर आले: दोन्ही डोळे +१. पुढची तपासणी तिसऱ्या वाढदिवसाला.